हिच्या आवाजासाठी भिंत

१२ फेब्रुवारी

हिच्या गळ्यावरची पट्टी निघाली. टाके सुकले. आवाज मात्र परत आला नाही.

गाठ काढताना आवाजाच्या नसेला धक्का लागू शकतो, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. येईल हळूहळू, म्हणाले. फार बोलायला लावू नका, घशाला ताण नको. ते मी मनावर घेतलंय. हिला एकच गोष्ट दोनदा सांगायला लावायची नाही. ऐकू आलं तर आलं, नाही तर चेहऱ्यावरून ओळखायचं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर तेवढं जमायला हवं.

खरा वैरी रस्ता आहे. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा मागच्या गॅलरीतून झाडांची रांग दिसायची आणि रस्ता झाडांपलीकडे होता. रुंदीकरणात झाडं गेली आणि रस्ता गॅलरीखाली आला. आता दिवसभर ट्रक, टँकर, लांबच्या बस. दारं लावली तरी कपाटातल्या बश्या थरथरतात. ही समोर बसून बोलते, ओठ हलताना दिसतात आणि शब्द तेवढे रस्ता खाऊन टाकतो. सकाळी काहीतरी विचारलं, मी हो म्हणालो. चहा गोड लागला तेव्हा कळलं, साखर घालू का विचारत होती. मला साखर बंद आहे. ही हसली, मीही हसलो.

जिने शिशुवर्गाला गोष्टी सांगण्यात जन्म घालवला, तिचा आवाज असा वाया जाऊ द्यायचा नाही. रस्ता गप्प करायचा. निवृत्त माणसाला दुसरं काम तरी काय आहे?

१९ फेब्रुवारी

जिन्याखाली रहिवाशांची बैठक घेतली. आले थोडेच, पण बसले शेवटपर्यंत. तळमजल्यावरच्या नर्सने माझ्या कानाशी येऊन सांगितलं की तिचं बाळ ट्रक गेला की दचकून उठतं, आणि रात्रपाळी करून आल्यावर तिला स्वतःला दिवसा डोळा लागत नाही. वरचा बँकेतला कारकून म्हणाला की त्याने आता घरात बोलणंच कमी केलंय. बाकीचे काय म्हणाले ते नीट कळलं नाही. जिन्याखाली आवाज फार घुमतो, त्यात सगळे एकाच वेळी बोलत होते. मी आपली सगळ्यांपुढे मान डोलावली आणि शेवटी मलाच पुढारी केलं.

विरोध करणारा एकटा टायरवाला. त्याचं दुकान आमच्या इमारतीच्या टोकाला, रस्त्याला तोंड करून. आवाज अडवणारी भिंत मागायची असं मी म्हणताच तो म्हणाला, भिंत झाली की दुकानाची पाटी गाडीवाल्यांना दिसणार कशी? पंक्चर झालेला माणूस भिंतीपलीकडे दुकान शोधत येणार आहे का? मुद्दा बरोबर होता, पण मला राग आला. एक मात्र मान्य करायला हवं, माणूस बोलतो स्पष्ट. पुटपुटत नाही. हल्ली लोकांना तोंड उघडून बोलायची सवयच राहिलेली नाही.

४ मार्च

रस्ते कार्यालयातून एक तरुण बाई आवाज मोजायला आल्या. हातात टॉर्चएवढं यंत्र, टोकाला काळा स्पंजचा गोळा. मी मनातल्या मनात त्यांचं नाव मीटरबाई ठेवलं. गॅलरीत, खोलीत, पलंगाजवळ, दार उघडं ठेवून आणि लावून, असं सगळीकडे मोजलं. आकडा बघून त्यांनी भुवया उंचावल्या, त्यातच मला उत्तर मिळालं.

त्यांनी कागदावर आकृती काढून समजावलं. रस्त्यावर वेगळा थर घालता येतो, वेग कमी करता येतो, नाही तर भिंत. भिंत असेल तर सलग हवी; मध्ये फट राहिली की आवाज पाण्यासारखा तिथून आत येतो. माणसाला आकृती काढून दाखवली की कसं झटकन कळतं.

नंतर त्या स्वयंपाकघरात हिच्याशी बोलत बसल्या. मी दारातून पाहिलं, दोघी खळखळून हसत होत्या, ही हातवारे करून काहीतरी सांगत होती. स्वयंपाकघर रस्त्यापासून लांब पडतं, म्हणून जमत असावं. मला बरं वाटलं आणि थोडा हेवाही वाटला.

११ मार्च

हे नीट लिहून ठेवतो, कारण आज बऱ्याच दिवसांनी ही आपणहून जवळ येऊन बसली.

काल ही तिच्या थोरल्या बहिणीबरोबर दवाखान्यात गेली होती. टाके तपासायला असणार. मी अर्ज घेऊन रस्ते कार्यालयात अडकलो होतो. आज संध्याकाळी गॅलरीत माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि बोलू लागली. तोंड रस्त्याकडे, माझ्याकडे नाही. बराच वेळ बोलली. मध्ये मध्ये थांबत होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. खालून टँकरची रांग चालली होती. मला तुटक तुटक ऐकू आलं. रिपोर्ट. पुढच्या महिन्यात. ताईकडे. एकटीच.

पुन्हा सांग म्हणणं जिवावर आलं. एवढं बोलून घसा आधीच दुखला असणार. चेहऱ्यावरून एवढं समजलं की या गोंगाटाला कंटाळून ती थोडे दिवस बहिणीकडे जायचं म्हणतेय आणि मला एकटं सोडून जायचं तिच्या जिवावर आलंय. मी हसून तिचा हात हातात घेतला. म्हणालो, "अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस? सगळं ठीक होईल. मी लागलोय ना मागे."

तिने माझ्याकडे पाहून काहीतरी विचारलं. बरोबर येता का, असं असावं. पुढच्याच महिन्यात माझ्या अर्जाची सुनावणी. तसं सांगितलं. म्हणालो, "तू जाऊन ये. तुला बरं वाटेल."

ती खूप वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग हात सोडवून आत गेली. मी हे सगळं तिच्यासाठीच करतोय, हे आज तिला उमगलं असावं.

२६ मार्च

हिला हल्ली भलतीच थंडी वाजते. बाहेर ऊन तापलंय आणि ही स्वेटर घालून बसते. दोन पायऱ्या चढली की थांबते. जेवण वेगळं करते आहे, स्वतःपुरतं. कसलं तरी जाडं मीठ आणलंय, बाजारातलं काही खात नाही, दूध नाही, अंडं नाही. बायकांच्या मासिकात काहीतरी वाचलं असेल. मी टोकलं नाही.

लेकीचा फोन आला होता. तिच्या गावची लाइन खराब आहे, नेहमीच खरखर असते. आईबरोबर जाणार नाही का, असं विचारत होती. मी म्हणालो, अगं, सुनावणी त्याच दिवशी आहे, ती काय वर्षातून दहा वेळा होत नाही. त्यावर ती काहीतरी लांबलचक बोलली. शेवटचं तेवढं कळलं, कारण ती ओरडलीच: "बाबा, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?" आणि फोन ठेवला.

काहीच कसं वाटत नाही! इमारतीतल्या प्रत्येक घरात जाऊन सह्या आणल्या, त्या कोणासाठी? माझ्या धडपडीची घरात कोणाला किंमत नाही, हे आज कळलं.

८ एप्रिल

मेहुणी सकाळीच गाडी घेऊन हिला न्यायला आली. बसली नाही. पाणी विचारलं, नको म्हणाली. एरवी भाऊजी, भाऊजी करून डोकं उठवणारी बाई, आज माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. हिने एक लहानशी बॅग घेतली होती. जुने कपडे, टाकून द्यायच्या लायकीचे. बहिणीकडे जाताना असे कपडे कशाला, म्हणून मी हसलो. ही हसली नाही. दारात एकदा वळली आणि गेली.

मी तसाच सुनावणीला. रस्ते कार्यालयाच्या साहेबांसमोर नर्स बोलली, बाळाला कडेवर घेऊनच. मीटरबाईंनी आकडे मांडले. मी म्हणालो की माझ्या बायकोचं ऑपरेशन झालंय, तिला बोलताना त्रास होतो आणि मला तिचं बोलणं ऐकायचंय, बाकी काही नको. ऐकणारे हळहळले. भिंत मंजूर झाली.

बाहेर येऊन लगेच हिला फोन लावला. बंद. मग मेहुणीला लावला. ती मोठ्याने, तोडून म्हणाली, "ती आत आहे. दोन-तीन दिवस कोणाशी बोलता येणार नाही." झोपली असेल म्हणायचं असेल. एवढी आनंदाची बातमी, आणि सांगायला माणूस नाही. येताना बाजारातून फिरलो आणि काहीच न घेता घरी आलो.

२२ एप्रिल

परवा परत आली. फिकी दिसते, पण स्वेटर गेला. भिंत मंजूर झाल्याचं सांगितलं तेव्हा मान डोलावली.

माझ्यापासून लांब बसते. पलीकडच्या खोलीत झोपते. ताटवाटी वेगळी. मी जवळ गेलो की हात पुढे करून थांबवते. "थोडे दिवस," एवढं ऐकू आलं. लेक नातीला घेऊन सुट्टीत येणार होती, तेही पुढे ढकललंय.

रागावलीय माझ्यावर. का, ते कळत नाही. विचारलं तर बोलावं लागेल तिला. भिंत होऊ दे, मग सगळं विचारीन.

१७ मे

काम सुरू झालं. रस्त्याकडेला खड्डे, मग लोखंडी खांब, खांबांमध्ये बसवायला राखाडी पट्ट्या. मी दोन्ही वेळा बघायला जातो. छापखान्याच्या मशीन हॉलमध्ये फोरमन होतो तेव्हाची सवय. काम चाललं असेल तिथे उभं राहिल्याशिवाय चैन पडत नाही.

आज मरता मरता वाचलो. खांबांची ओळ डोळ्यासमोर धरून बघत होतो, सरळ लागलेत की नाही. एकदम कोणीतरी दंडाला धरून मागे खेचलं आणि मी ढिगाऱ्यावर बसलोच. पट्ट्यांचा ट्रक मागे घेत होते. मी उभा होतो तिथून चाक गेलं. खेचणारा टायरवाला.

तो धापा टाकत म्हणाला, "अहो, कधीचा भोंगा वाजवतोय तो. मी हाका मारतोय. लक्ष कुठे होतं?"

मी म्हणालो, या गोंगाटात कोणाला काय ऐकू येणार, म्हणून तर भिंत. त्याने माझ्याकडे जरा विचित्र पाहिलं. मग दुकानात नेऊन टायरवर बसवलं, चहा पाजला. ज्या माणसाचा धंदा मी बुडवायला निघालो होतो, त्याने मला वाचवलं. त्यालाही हे कळत होतं. दोन मुली शिकतायत, एवढंच म्हणाला.

२ जून

मीटरबाईंना दुकानाची अडचण कानावर घातली. वाटलं होतं, फट ठेवता येत नाही म्हणून हात वर करतील. त्यांनी कागद ओढला आणि दोन रेघा काढल्या: एक भिंत दुकानाच्या अलीकडे संपते, दुसरी थोडी मागून सुरू होते, आणि दोन्ही काही अंतर पुढे-मागे समांतर जातात. मधून गाडी वळून आत येऊ शकते, पाटी दिसते, आवाजाला मात्र सरळ वाट मिळत नाही. टायरवाल्याला बरोबर घेऊन साहेबांकडे गेलो. साहेबांनी कुरकूर केली, पण मानलं.

येताना टायरवाल्याने विचारलं की वहिनींची तब्येत कशी आहे आता. मी म्हणालो, आवाज अजून तसाच. तो म्हणाला, "आवाज? काल तर दुकानासमोरून जाताना चांगल्या बोलल्या माझ्याशी." दुकानाच्या अलीकडची भिंत आधी उभी राहिलीय, त्याचा परिणाम दिसू लागला म्हणायचा.

२१ जुलै

भिंत पूर्ण झाली.

सगळी इमारत गॅलऱ्यांत उभी होती. माणसं उगाच हळू आवाजात बोलत होती, दवाखान्यात बोलतात तशी. बँकेतला कारकून वरून म्हणाला की त्याला घरातलं घड्याळ ऐकू येतंय. नर्सचं बाळ दुपारभर झोपलं. ती येऊन माझ्या पाया पडायला लागली, मी मागे सरलो. टायरवाल्याच्या पाटीसमोर एक गाडी वळून आत आली, तेव्हा त्याने मला लांबून हात केला.

रस्त्याचा आवाज खरंच खाली बसलाय. छातीवरचं ओझं कोणी उचलावं तसं वाटलं. मी दोन खुर्च्या मांडल्या आणि हिला बोलावलं. आली. बसली. पलीकडे नुसती राखाडी भिंत आणि वर आभाळ. ती बोलली. माझ्याकडे बघून बोलली.

मला ऐकू आलं नाही.

म्हणजे आवाज आला. एखादा माणूस शेजारच्या घरात बोलतोय तसा. शब्द नाही आले. मी हसून मान डोलावली. मग इकडे येऊन हे लिहायला बसलो. इतके दिवस रस्त्याला शिव्या देत होतो. आता शिव्या द्यायला रस्ता राहिला नाही. म्हणजे ऑपरेशनमध्ये हिचा आवाज खरंच गेलाय, कायमचा, आणि ती मला सांगत नाही.

२९ जुलै

मीटरबाई भिंतीनंतरचं मोजमाप घ्यायला आल्या. आकडा चांगलाच उतरलाय. त्या खूश होत्या. मला वाटलं, यांच्याकडे यंत्र आहे, यांना विचारावं. म्हणालो, जरा हिचा आवाज मोजता का? डॉक्टरांना आकडा दाखवता येईल, उपचार तरी सुरू होतील.

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नको म्हणत होती. मीच आग्रह धरला. गॅलरीचं दार लावलं, यंत्र मध्ये धरलं. नेहमी बोलतेस तसं बोल, म्हणालो. ती एक वाक्य बोलली.

मीटरबाईंनी आकडा वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "आजोबा, हा चांगला आवाज आहे. कोणीही बोलतं तेवढा." मला वाटलं, यंत्र बिघडलं. त्यांनी स्वतः बोलून मोजलं. तेवढाच. मला बोलायला लावलं. माझा आकडा इतका वर गेला की त्यांनी यंत्र जरा लांब धरलं.

मी विचारलं, "ती म्हणाली काय?"

मीटरबाई हिच्याकडे बघू लागल्या. हिने मान खाली घातली होती. मग त्या माझ्याजवळ आल्या, अगदी समोर, आणि सावकाश म्हणाल्या, "त्या म्हणाल्या, मी इतके महिने बोलतेच आहे."

नंतर त्यांनी विचारलं, मी कुठे कामाला होतो. म्हणालो, छापखान्यात, मशीन हॉलमध्ये, जन्मभर. कानाला काही लावायचात का? कापसाचे बोळे मिळायचे. पण मशीन नीट चालतंय की नाही ते आवाजावरूनच कळतं, म्हणून मी काढून ठेवायचो. आपलं यंत्र पिशवीत घालताना त्यांना उगाच वेळ लागत होता.

३० जुलै

लिहावंसं वाटत नाही.

६ ऑगस्ट

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. ही बरोबर होती. काचेच्या खोलीत बसवून कानावर टोप्या चढवल्या. आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ काही आलंच नाही. वाटलं, यंत्र सुरू व्हायचंय. काचेतून पाहिलं तर पलीकडे ही तोंडावर हात धरून उभी होती. तेव्हा कळलं की आवाज येऊन जातायत.

डॉक्टरांनी लिहून दाखवलं. जाड, घोगरे आवाज बरे शिल्लक आहेत. बारीक आवाज गेलेत. बायकांचे, मुलांचे, पाखरांचे. वर्षानुवर्षं हळूहळू गेलेत, म्हणून मला पत्ता लागला नाही. टायरवाल्याचा आवाज मला एवढा स्पष्ट का वाटायचा, हे विचारायची गरज उरली नाही.

१४ ऑगस्ट

कानाची मशीनं मिळाली. घालताच जग अंगावर आलं. नळ, बश्या, माझ्याच चपला. वर्तमानपत्राचं पान उलटलं तर कडाडलं. माझा आवाज ऐकून मीच दचकलो. इतका ओरडून बोलतो मी? कोणी कधी सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल.

आणि हिचा आवाज. थोडा खरखरीत झालाय, शेवटची अक्षरं जरा फाटतात. पण तोच आहे.

चहा झाल्यावर मी विचारलं, "माझ्या कानावर न पडलेलं काय काय आहे? सांग एकदा."

ती म्हणाली की सगळं कुठे आठवणार, रोजचं बोलणं, इकडचं तिकडचं. मग कप गोळा करू लागली. मी वाट पाहिली. आता वाट पाहणं जमतं, कारण पुढे काहीतरी ऐकू येणार असतं.

मग तिने विचारलं, "मार्चमध्ये गॅलरीत मी तुम्हाला सांगितलं, ते तरी ऐकू आलं होतं ना?"

मी म्हणालो, बहिणीकडे जायचं, तेच ना?

तिचा चेहरा बघवेना. ती उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. माझ्यासमोर बसून तिने ते सगळं पुन्हा सांगितलं.

काढलेली गाठ साधी नव्हती. कॅन्सर होता. उरलंसुरलं जाळून टाकायला किरणांचं औषध घ्यायचं होतं. त्याआधी थायरॉईडच्या गोळ्या बंद, खाण्याचं पथ्य. औषध घेतल्यावर अंगातूनच किरणं बाहेर पडतात, म्हणून दवाखान्यात वेगळ्या खोलीत एकटीने राहायचं, आत कोणी यायचं नाही. नेलेले कपडे तिथेच टाकून यायचे. नंतरही काही दिवस माणसांपासून लांब. त्या संध्याकाळी तिने मला विचारलं होतं, "त्या खोलीच्या दारापर्यंत तरी याल का बरोबर?"

आणि मी म्हणालो होतो, सुनावणी आहे. तू जाऊन ये. तुला बरं वाटेल.

"मग पुन्हा का नाही विचारलंस?" हे मी विचारलं. विचारायला नको होतं.

ती म्हणाली, "एकदा विचारायलाच माझा सगळा धीर संपला होता. तुम्ही माझा हात धरून हसलात. मला वाटलं, यांना ऐकायचंच नाही. भिंतीच्या मागे लागून विसरायचंय."

लेकीला वाटत होतं, बाबांना माहीत आहे. मेहुणीला वाटत होतं, माहीत आहे. घरात सगळ्यांना मी माहीत असून न गेलेला माणूस होतो. आणि मी समजत होतो की मीच तेवढा तिच्यासाठी काही करतोय.

मी तिच्या पायाशी बसलो. तिने उठवलं नाही, पण हात डोक्यावर ठेवला. मशीनमध्ये तिच्या बांगड्यांचा आवाज फार मोठा झाला.

१६ ऑगस्ट

लेकीला फोन केला. लाइन चांगली होती. म्हणजे नेहमीच चांगली असायची. तिला सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला काय काय बोलले." मी म्हणालो, मला त्यातलं फार थोडं ऐकू आलं, तेवढं तरी बरं झालं. ती रडता रडता हसली. इतक्या महिन्यांत ती माझ्याशी हसली नव्हती.

तरी फोन ठेवल्यावर बरं वाटलं नाही. ऐकू आलं नाही, हे खरं. पण मी विचारलं का नाही? हिचे हातपाय गार पडले होते, ही पिवळी पडली होती, माझ्यापासून लांब बसत होती. डोळे तर शाबूत होते माझे. घशाला ताण नको म्हणून विचारलं नाही, असं मी इथेच लिहून ठेवलंय. ते खोटं नाही. पण त्यामागे थोडी भीतीही होती का? भिंतीबद्दल बोलणं सोपं होतं. भिंत किती उंच, किती लांब, सगळ्याला आकडा होता.

१० सप्टेंबर

आज हिची पुढची तपासणी होती. मी गेलो. इंजेक्शन, थांबणं, मोठ्या यंत्राखाली पडणं, पुन्हा थांबणं. दवाखान्यात इतके आवाज असतात हे माहीत नव्हतं; खुर्च्या ओढल्या की डोक्यात करवत चालते. दोनदा मशीनं काढून ठेवावीशी वाटली. काढली नाहीत.

दुपारी डॉक्टरांनी बोलावलं. म्हणाले, या वेळी काही दिसत नाही. दर सहा महिन्यांनी यायचं. मी त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं. ऐकू आलं होतं, तरी.

निघताना ही म्हणाली, चला, एक दाखवते. लांबलचक पॅसेजच्या टोकाला एक जाड दार, त्याला एवढीशी काच. आत कोणी नव्हतं. पलंग, बेसिन, एक खुर्ची. खिडकी उंचावर. जमिनीवर, दारापासून थोड्या अंतरावर एक पिवळी रेघ. जेवणाचं ताट तिथे ठेवायचे आणि ठेवणारा दूर गेला की हिने उचलायचं. मी काचेला कपाळ टेकवून बराच वेळ बघत राहिलो. या दारापर्यंत ती एकटी चालत आली होती, जुन्या कपड्यांची बॅग घेऊन. त्याच वेळी मी साहेबांसमोर तिच्या आवाजाबद्दल बोलत होतो आणि ऐकणारे हळहळत होते.

"दिवसभर करायचीस काय?" मी विचारलं.

"बोलायचे," ती म्हणाली. "आवाज येतो का बघायला. पहिल्या दिवशी नुसतीच घरघर. मग हळूहळू यायला लागला."

"कोणाशी बोलायचीस?"

"तुमच्याशी. भांडायचे. अगदी जोरजोरात. दार जाड आहे, कोणाला ऐकू जात नाही."

मी विचारलं, मी काय म्हणायचो मग? ती म्हणाली, "तुम्ही गप्पच असायचात. तिथेसुद्धा."

घरी आलो. हात-पाय धुतले, दिवा लावला, चहा ठेवला. तो प्याल्यावर मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो, मशीनं नीट बसलीत ना ते चाचपून पाहिलं आणि म्हणालो, "त्या खोलीत जे भांडलीस, ते आता भांड."

ती म्हणाली, आता काय उपयोग, झालं गेलं. मी उठलो नाही. तिने टेबलावरचा कप उचलला, मोरीत ठेवून आली, पुन्हा बसली. मग एकदम, दोन्ही हात मांडीवर दाबून, तिने सुरुवात केली.

मार्चपासून नाही, फार मागून केली. लेकीच्या वेळचं बाळंतपण काढलं, माझ्या रात्रपाळ्या काढल्या, तिची आई गेली तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी कामावर गेलो, ते काढलं. मध्ये आवाज फाटला, ती पाणी प्यायली आणि तिने पुढे चालू ठेवलं. मी एकदाही मान डोलावली नाही. जिथे कळलं नाही तिथे थांबवलं, म्हणालो, पुन्हा सांग. तिने पुन्हा सांगितलं, जास्त जोराने.

रस्ता गप्प असल्यामुळे हे वरपासून खालपर्यंत सगळ्या इमारतीला ऐकू गेलं असणार. जाऊ दे. तिचं अजून संपलेलं नाही. आत भांडी लावता लावता बोलतेच आहे, आणि हे लिहिणं सोडून मी आता तिकडे जातो.